मदत हवी आहे: हाताचा कंप थांबला, पण बाबांना भास होताहेत. गोळीमुळे असेल का?

बाबा ७४ वर्षांचे, पार्किन्सन्स आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपा या पार्किन्सन्सच्या नेहमीच्या औषधाने चालणं सुधारलं, पण उजव्या हाताचा कंप हटेना, म्हणून न्यूरोलॉजिस्टनी ट्रायहेक्सीफेनिडिल २ मिग्रॅ. दिवसातून तीनदा दिली. हात खरंच शांत झाला, सहीसुद्धा जमू लागली. तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही, प्रोस्टेट वाढलेलं असल्याने लघवी अडखळते. हे एक वेळ चालवून घेऊ. पण हल्ली तोच तोच प्रश्न विचारतात, आणि संध्याकाळी कोपऱ्यात कुणीतरी बसलंय म्हणतात. नातेवाईकांचं मत, आजार पुढे सरकला. मला पटत नाही, गोळीआधी सगळे हिशेब तेच बघायचे. कुणाला अनुभव आहे? गोळी आजच बंद करू का?

प्रतिसाद: एकदम बंद करू नका! कंप आणि ताठरपणा उसळून येतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असते. पण भास होताहेत म्हटल्यावर पुढच्या तारखेची वाट बघू नका, आजच फोन करा. आमच्या आईची गोळी उतरवत नेली तसे भास गेले. कंप थोडा परतला, तो आम्ही पत्करला.

प्रतिसाद: मी फार्मासिस्ट आहे. तुमची शंका रास्त आहे. पार्किन्सन्समध्ये डोपामिन हे मेंदूतलं रसायन घटल्यामुळे अ‍ॅसिटिलकोलीन हे दुसरं रसायन वरचढ होतं, ते ही गोळी अडवते, म्हणून कंप कमी होतो. पण स्मृती, लाळ, आतडी, मूत्राशय यांनाही तेच अ‍ॅसिटिलकोलीन लागतं. म्हणूनच वयस्करांना ही औषधं शक्यतो देत नाहीत. तरुण, कंपप्रधान रुग्णांत जास्त वापरतात. भास लेव्होडोपानेही होतात, लघवीच्या संसर्गानेही, तेव्हा लघवीची तपासणी करून घ्या. लघवी पूर्ण अडली किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, अंधुक दिसू लागलं, तर थेट इस्पितळ गाठा. आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? अ‍ॅमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरची), ऑक्सिब्युटिनिन (लघवीच्या घाईवरची), सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या याच जातीच्या, परिणामांची बेरीज होते.

धागाकर्ता: आभार. खाजेसाठी रात्री एक गोळी घेतात, पाकिटावर क्लोरफेनिरामिन लिहिलंय. डॉक्टरांशी बोलणं झालं. खाजेची गोळी आजपासून बंद, ट्रायहेक्सीफेनिडिल टप्प्याटप्प्याने कमी करायची आणि उद्या लघवीची तपासणी. लेव्होडोपाला तूर्त हात लावायचा नाही म्हणाले. कंप परत आला तर सहीचं काय, ही बाबांची एकच तक्रार आहे.