शब्दचर्चा: अजामीनपात्र, दखलपात्र, 'पर्यंत', 'तत्सम' आणि विधेयकांमधले बाकीचे शब्द

तळटीप
नमस्कार मंडळी. विधिमंडळात गुन्हे, सुरक्षा असल्या विषयावर एखादं विधेयक आलं की आठवडाभर सगळीकडे तीच चर्चा असते आणि त्यातले बरेचसे वाद एकच शब्द दोघं वेगळ्या अर्थाने वापरतात म्हणून होतात असं माझं मत आहे, म्हणून हा धागा. सुरुवात अजामीनपात्र पासून करतो कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच शब्दाबद्दल दिसतो. शब्दाची फोड केली तर 'जामिनाला पात्र नसलेला' असाच अर्थ निघतो, त्यामुळे लोक धरून चालतात की आता आत गेला तो सुटत नाही. कायद्यातला अर्थ तसा नाहीये. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, अटी पूर्ण केल्या की सोडावंच लागतं. अजामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क नसतो, कोर्टापुढे अर्ज करावा लागतो आणि गुन्हा किती गंभीर आहे, माणूस पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का हे बघून द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं. म्हणजे जामीन मिळू शकतो, रोज मिळतोही. आणि मग तो मिळाला की 'अजामीनपात्र गुन्ह्यात सुटलाच कसा, सेटिंग झालं असणार' अशी बोंब होते. कधी सेटिंग झालंही असेल, पण जामीन मिळाला एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही ना. बाकीच्यांनी भर घाला.

पानगळ
चांगला विषय. दखलपात्र बद्दल पण कुणीतरी लिहा प्लीज. आमच्याकडे बरेच जण 'दखल घेण्याइतका मोठा' असा अर्थ लावतात आणि अदखलपात्र म्हणजे पोलिसांनी बाजूला टाकलेली तक्रार. एनसी घेतली म्हणजे काहीच झालं नाही, असं.

अक्षरओळ
पानगळ, दखलपात्र म्हणजे ज्या गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाची वाट न बघता तपास सुरू करू शकतात तो. अदखलपात्र असेल तर ठाण्यात नोंद होते, जिला आपण एनसी म्हणतो, पण तपासाला मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो आणि तो आदेश मागायला तक्रारदार स्वतःही जाऊ शकतो, हे पुष्कळांना कुणी सांगतच नाही.

दखलपात्र आणि अजामीनपात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही लक्षात ठेवा, बातम्यांमध्ये त्या जोडशब्दासारख्या येतात म्हणून एकच वाटतात. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा आपल्या राज्याचा २०१६ चा कायदा बघा, त्यात गुन्हा दखलपात्र आहे पण जामीनपात्र आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आता यात गंमत नाही तर महत्त्वाची गोष्ट अशी की विधेयकात याबद्दल काहीच लिहिलं नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा केंद्राचा कायदा) पहिल्या अनुसूचीतला सर्वसाधारण नियम लागतो, आणि त्यात ३ वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल तर अदखलपात्र व जामीनपात्र, ३ वर्षं किंवा त्याहून जास्त असेल तर दखलपात्र व अजामीनपात्र अशी विभागणी आहे. म्हणजे मसुदा लिहिणाऱ्याने '३ वर्षांपेक्षा कमी' ऐवजी '३ वर्षांपर्यंत' लिहिलं तरी माणसाच्या आयुष्यात केवढा फरक पडतो. बहिष्काराच्या कायद्यात जामीनपात्र असं स्पष्ट लिहिलंय म्हणून तिथे प्रश्न आला नाही.

कोरा कागद
एक प्रश्न. शक्ती कायद्याखाली गुन्हा का दाखल करत नाहीत पोलीस? महिलांवरच्या अत्याचाराची प्रत्येक घटना झाली की हे विचारलं जातं आणि कुणी धड उत्तर देत नाही. कायदा झालाय ना?

तळटीप
नाही झालेला, आणि हाच तर विधेयक आणि कायदा यातला फरक. जरा सविस्तर लिहितो.

मसुदा म्हणजे नुसतं कच्चं लिखाण, ते सभागृहात मांडलं की विधेयक. विधेयक विधानसभा आणि विधान परिषद दोन्हीकडे संमत झालं तरी ते विधेयकच राहतं, राज्यपालांची किंवा जिथे लागते तिथे राष्ट्रपतींची अनुमती मिळाली की अधिनियम होतं, ज्याला आपण बोलताना कायदा म्हणतो. त्यानंतरही तो कधी अंमलात येणार ती तारीख वेगळी असू शकते. रोजगार हमीचा राज्याचा अधिनियम १९७७ चा, पण लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून.

शक्तीचं असं झालं की डिसेंबर २०२० मध्ये विधेयक मांडलं, ते संयुक्त समितीकडे गेलं, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केलं. पेपरात 'शक्ती कायदा मंजूर' अशा हेडलाइन आल्या, आणि लोकांच्या डोक्यात तेच बसलं. पण फौजदारी कायदा हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात, केंद्राचा कायदा आधीपासून आहे आणि राज्याला त्याच्याशी विसंगत तरतूद करायची असेल तर राष्ट्रपतींची अनुमती लागते, ती या विधेयकाला मिळाली नाही. त्यात १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, म्हणजे ज्या कायद्यात दुरुस्ती करायची होती तो कायदाच राहिला नाही. त्यामुळे पोलीस शक्तीखाली गुन्हा नोंदवत नाहीत कारण नोंदवायला कलमच अस्तित्वात नाही. एखाद्या बाईला कुणी 'तुमच्यासाठी शक्ती कायदा आहे' असं सांगितलं आणि ती त्या भरवशावर ठाण्यात गेली तर तिची किती फरफट होईल विचार करा. म्हणून मला वाटतं, मंजूर हा शब्द बातमीत एकटा वापरूच नये, कुणी मंजूर केलं ते लिहावं. मंत्रिमंडळाने मसुदा मंजूर केला, विधानसभेने विधेयक संमत केलं, राष्ट्रपतींनी अनुमती दिली, या तीन अगदी वेगळ्या बातम्या आहेत.

वर आलेला बहिष्काराचा कायदा पण याच वाटेने गेला होता, एप्रिल २०१६ मध्ये संमत झाला, अनुमती मिळाली आणि जुलै २०१७ पासून लागू. म्हणजे वाट चालू शकते, फक्त वेळ लागतो. राष्ट्रपतींकडे विचारार्थ राखून ठेवलेल्या विधेयकावर अमुक दिवसांत निर्णय घ्या अशी मुदत संविधानाच्या अनुच्छेद २०१ मध्ये लिहिलेली नाहीये.

सायंतारा
मग अध्यादेश कुठे बसतो यात? आणि पारित हा शब्द मराठी की हिंदी?

तळटीप
पारित हिंदीतून आलाय, आपल्याकडे संमत चांगला शब्द आहे, कागदोपत्री तोच असतो.

अध्यादेश म्हणजे अधिवेशन चालू नसताना राज्यपालांनी काढलेला, कायद्याइतकीच ताकद असलेला आदेश. पण अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याजागी अधिनियम केला नाही तर तो संपतो. जादूटोणाविरोधी कायदा हे याचं आपल्या जवळचं उदाहरण, विधेयक वर्षानुवर्षं लोंबकळत होतं, २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला, मग डिसेंबर २०१३ च्या अधिवेशनात विधेयक संमत झालं. आजही काही जण त्याला अध्यादेशच म्हणतात, ते चूक आहे, अधिनियम आहे तो.

अक्षरओळ
आता क्रियापदांकडे बघा, माझ्या मते खरी गोम तिथे असते. वैधानिक मराठीत 'शासन मंडळ स्थापन करील' असं लिहिलं तर ते सरकारवर बंधनकारक. 'शासनास मंडळ स्थापन करता येईल' किंवा 'करू शकेल' असेल तर सरकारच्या मर्जीवर. वाचताना दोन्ही सारखीच वाटतात, भविष्यकाळ दिसतो आणि आपण पुढे जातो. पीडितांना भरपाई, साक्षीदारांना संरक्षण, निवारागृह अशा तरतुदी वाचताना पहिलं हे बघायचं की 'देईल' आहे की 'देता येईल', कारण न्यायालयात गेल्यावर सगळा दावा त्या एका क्रियापदावर उभा राहतो.

तसंच 'पर्यंत'. ७ वर्षांपर्यंत शिक्षा म्हणजे ७ वर्षं जास्तीत जास्त, न्यायाधीश ६ महिनेही देऊ शकतात. '७ वर्षांपेक्षा कमी नसेल' म्हणजे ७ वर्षं कमीत कमी, तिथे न्यायाधीशांचे हात बांधलेले. बातमीत दोन्हीचं '७ वर्षांची शिक्षा' होतं. आणि जन्मठेप म्हणजे १४ वर्षं हे डोक्यातून काढून टाका, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. १४ वर्षांचा आकडा येतो तो सुटकेची सवलत देण्याआधी काही गंभीर गुन्ह्यांत किमान तेवढी कैद झालीच पाहिजे या नियमातून, १४ झाली की आपोआप दार उघडतं असं नाही.

पानगळ
हे सगळं वाचून मला विशेष जनसुरक्षा विधेयकाची चर्चा परत आठवली. जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा आलं, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे दिलं, समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या, जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झालं. आधी त्याच्या नावाखालच्या वर्णनात 'व्यक्ती आणि संघटना' असं होतं ते समितीनंतर बदलून 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना' या अर्थाचं झालं. सरकारचं म्हणणं की यामुळे व्याप्ती कमी झाली, विरोध करणाऱ्यांचं म्हणणं की तत्सम मध्ये कुणालाही बसवता येईल. तत्सम चा शब्दशः अर्थ 'त्याच्यासारखा', पण कशात सारखा? विचारात, पद्धतीत, की परिणामात? व्याकरणाच्या पुस्तकात चालतो तो शब्द, पण ज्याच्यामुळे माणूस तुरुंगात जाऊ शकतो अशा मजकुरात इतका सैल शब्द मला अजिबात पटत नाही. नक्षली हिंसेत गडचिरोलीतल्या लोकांनी आणि पोलिसांनी किती सोसलंय ते मला माहितीये, त्याविरुद्ध कडक कायदा हवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी समजू शकते, पण कडक असणं आणि सैल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येतही नुसती सुव्यवस्थेत बाधा आणणारी नाही तर बाधा आणण्याकडे कल असलेली कृतीसुद्धा धरलीय. कल मोजायचा कसा?

आणि जनसुरक्षा म्हणजे नक्की कुणाची सुरक्षा, कायदा व सुव्यवस्था आणि सार्वजनिक सुव्यवस्था एकच का?

अक्षरओळ
एकच नाही, आणि हे सर्वोच्च न्यायालयाने फार सुंदर समजावलंय. राम मनोहर लोहिया विरुद्ध बिहार राज्य या १९६० च्या दशकातल्या खटल्यात न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळं कल्पायला सांगितली, सगळ्यात मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं आणि सगळ्यात आतलं लहान वर्तुळ राज्याच्या सुरक्षिततेचं. दोन माणसांची मारामारी पहिल्या वर्तुळात येते पण तेवढ्यावरून दुसऱ्या वर्तुळात जात नाही, त्यासाठी एकूण समाजाच्या जगण्याला धक्का बसायला हवा. लोहियांना स्थानबद्ध केलेल्या आदेशात 'कायदा व सुव्यवस्था' लिहिलं होतं आणि ज्या नियमाखाली तो काढला त्यात हवी होती सार्वजनिक सुव्यवस्था, तेवढ्यावर त्यांची सुटका झाली. शब्दावर माणूस सुटला, अक्षरशः.

जनसुरक्षा हा शब्द या तिन्ही वर्तुळांवर एकदम पांघरूण घालतो म्हणून तुमची शंका रास्त आहे, विधेयकाच्या नावावर न जाता व्याख्यांचं कलम वाचायला हवं.

कोरा कागद
'सामाजिक सुरक्षा' मध्ये पण सुरक्षाच आहे, ती पूर्ण वेगळी?

सायंतारा
हो, ती म्हातारपण, आजारपण, बेकारी, अपघात यात माणूस उघड्यावर पडू नये याची. मी कामगारांच्या कागदपत्रांचं काम करते त्यामुळे याबद्दल बोलते. इथे हमी, हक्क, लाभ, कल्याण हे शब्द सरसकट वापरतात आणि त्यांची ताकद अजिबात सारखी नाही. रोजगार हमीत हमी खरी होती, काम मागितल्यावर १५ दिवसांत द्या नाहीतर बेकारी भत्ता द्या, आणि हे अधिनियमात लिहिलेलं. माथाडींचा १९६९ चा कायदा घ्या, मंडळ, नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, सगळं कायद्यात (त्याच्या इंग्रजी नावातसुद्धा माथाडी आणि हमाल हे आपलेच शब्द आहेत याचा मला फार अभिमान वाटतो). उलट लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये शासन निर्णयाने आली, जीआरने. महिन्याला १५०० रुपये हातात येतात, बाईला आधार होतो, ते मी कमी लेखत नाहीये, पण जीआर दुसऱ्या जीआरने बदलता येतो, त्यासाठी सभागृहात विधेयक आणावं लागत नाही. म्हणून मी फॉर्म भरताना बायकांना सांगते की तुम्ही लाभार्थी आहात, हक्कदार व्हायचं असेल तर ते कायद्यात यावं लागेल. लाभार्थी हा शब्दच मला खटकतो, देणारा मोठा आणि घेणारा खाली असं त्यातून येतं.

कोरा कागद
शेवटचा एक, तडीपार आणि स्थानबद्ध. एमपीडीए लावला असं वाचतो नेहमी.

अक्षरओळ
तडीपार म्हणजे कागदावरचा हद्दपार, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ खाली, जास्तीत जास्त २ वर्षांसाठी जिल्ह्याच्या किंवा ठरवलेल्या हद्दीबाहेर काढणं, बाहेर तो मोकळा असतो. स्थानबद्ध म्हणजे उलटं, पुढे गुन्हा करेल या शक्यतेवर आत ठेवणं. एमपीडीए हा १९८१ चा कायदा, झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती वगैरे शब्द त्याच्या नावातच आहेत, मुदत १२ महिन्यांपर्यंत. ही शिक्षा नाहीये, इथे खटला चालत नाही, सल्लागार मंडळ आदेश तपासतं आणि तिथे वकील द्यायचा हक्क नसतो. म्हणून 'एमपीडीएखाली एक वर्षाची शिक्षा' असं लिहिणं चूक, आणि त्याला गुन्हेगार सिद्ध झाला म्हणणंही चूक. हा आदेश मराठीतून आलेला असेल आणि ज्याच्यावर काढलाय त्याला ती भाषा येत नसेल तर त्याच्या भाषेत कारणं द्यावी लागतात, न दिल्याने आदेश रद्द झालेत. कुणाच्या घरी असा कागद आला असेल तर आधी तारीख आणि भाषा बघा, आणि लगेच वकिलाकडे न्या, बाजू मांडायचं निवेदन द्यायला उशीर करू नका.