अग्निशामक, पोलीस आणि १०८ च्या कुटुंबीयांसाठी कृतज्ञता दिवस : करावा की नाही?

धागाकर्ता : आमचे स्वयंसेवी मंडळ मुंबईच्या उपनगरात रक्तदान शिबिरे आणि पावसाळ्यातील मदतकार्य करते. येत्या १४ एप्रिलला अग्निशामक, पोलीस आणि १०८ रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी एक दिवस ठेवावा, असा प्रस्ताव मी मांडला आहे आणि त्यावरून मंडळात दोन तट पडले आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या कापूस आणि स्फोटके भरलेल्या जहाजावरील आग विझवताना मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ या तारखेपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. मानवंदना होते, पुष्पचक्र वाहिले जाते. मात्र त्या संध्याकाळी ६६ घरांत कोण कोणाची वाट पाहत होते, याचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. आम्ही सहभोजन, आरोग्य तपासणी, मुलांसाठी खेळ आणि शेवटी व्यासपीठावर प्रत्येक कुटुंबाचा सन्मान, असे योजले आहे. आपले मत कळवावे.

प्रतिसाद १ : माझा या प्रस्तावाला विरोध आहे. माझे वडील अग्निशमन दलात होते आणि असे सत्कार मी लहानपणी तीन वेळा अनुभवले आहेत. चार वाजता बोलावलेले असायचे, प्रमुख पाहुणे साडेसातला यायचे, आईच्या हाती शाल-श्रीफळ देताना तिचे नाव चुकीचे वाचले जायचे, आणि ज्यांच्यामुळे आम्हाला बोलावलेले असे, ते बाबा ड्युटीवर असायचे. १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती असते. शहरभर मिरवणुका निघतात, पोलीस बंदोबस्तावर असतात. म्हणजे त्या दिवशी पोलिसांची कुटुंबे तुमच्याकडे आली, तरी घरचा कर्ता माणूस त्यांच्यासोबत नसणार, हे तारीख ठरवताना कोणाच्याच ध्यानात कसे आले नाही?

मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत इमारत कोसळली आणि मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. त्या रात्री आई दूरदर्शन संचासमोरून उठली नाही. शेजारच्या काकू काही न विचारता आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या, त्यांनी भात लावला आणि पहाटेपर्यंत आईजवळ बसून राहिल्या. आमच्यासाठी कृतज्ञता म्हणजे ती रात्र आहे. तिला व्यासपीठ लागले नाही.

धागाकर्ता : ताई, तारखेबाबत आमची चूक झाली, ती मी मान्य करतो. मात्र आपल्याच उदाहरणावरून मला उलटा मुद्दा दिसतो. त्या काकू आल्या, कारण आपण दोघी एकाच वसाहतीत राहत होता आणि बाबा कुठे गेले आहेत हे त्यांना ठाऊक होते. आज यातील कितीतरी कुटुंबे विरार, बदलापूर किंवा पनवेलकडच्या खासगी इमारतींमध्ये राहतात, जिथे समोरच्या दाराआडचा माणूस कोणत्या नोकरीत आहे हे कोणी विचारत नाही. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीसाठी चढून जाताना नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. आपण ती बातमी वाचली आणि पुढच्या पानावर गेलो. शेजाऱ्यांना आधी ओळखच नसेल, तर संकटाच्या रात्री दार कोण ठोठावणार?

प्रतिसाद २ : माझे पती १०८ वर चालक आहेत. पोलिसांसाठी २१ ऑक्टोबरचा स्मृतिदिन आहे, कारण १९५९ मध्ये त्या दिवशी लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज येथे दहा जवान शहीद झाले. अग्निशामकांसाठी १४ एप्रिल आहे. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून सुरू आहे, कर्मचारी कंत्राटी आहेत, आणि आमच्या घरी आजवर कोणाचेही आमंत्रण आलेले नाही. वरच्या ताईंना सत्काराचा कंटाळा आला असेल, तर तो मी समजू शकते. परंतु ज्यांना एकदाही बोलावलेले नाही, त्यांच्या वतीने त्यांनी नकार देऊ नये. मला माझ्या मुलीला तिथे घेऊन जायचे आहे.

प्रतिसाद ३ : खर्च कोण करणार, एवढेच विचारतो. फलकावर एखाद्या इच्छुक उमेदवाराचा चेहरा असणार असेल, तर माझे मत विरोधात धरावे.

प्रतिसाद १ (पुन्हा) : १०८ वाल्या ताईंचे म्हणणे मला लागले, आणि ते योग्य आहे. मी माझ्या घरापुरता विचार करत होते. तरीही व्यासपीठाला माझा विरोध कायम आहे. दिवस घ्यायचाच असेल, तर अनंत चतुर्दशीनंतर, नवरात्र सुरू होण्यापूर्वीच्या पितृपक्षात घ्या. गणपतीचा बंदोबस्त तेव्हा संपलेला असतो आणि माणसे थोडी तरी घरी सापडतात. त्या पंधरवड्यात शुभकार्ये करत नाहीत हे खरे, पण एकत्र जेवायला कोणाची हरकत नसावी. प्रत्येक कुटुंबाजवळ राहणारे दोन स्वयंसेवक त्यांच्याच पंगतीला बसवा आणि रात्री-अपरात्री चालतील असे दूरध्वनी क्रमांक त्याच वेळी एकमेकांना देऊ द्या. भाषणे आणि फलक नसतील, तर मी वाढायला येईन आणि आईलाही आणीन. तिला मात्र पंगतीतच बसू द्या.