मदत हवी आहे : ऑप्शन फॉर्म कुणी भरायचा, लेकीनं का घरातल्यांनी? (इंजिनिअरिंग, कॅप राऊंड २०२५)

रानजाई

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मूळ पाटण तालुक्यातले, आता कराडात. यांचं हार्डवेअरचं दुकान, मी घर आणि दुकानाचा हिशेब बघते. मोठी लेक यंदा बारावी झाली. दहावीला ९४ टक्के पडले आणि जो तो लातूर लातूर करायला लागला म्हणून दोन वर्षं लातूरला ठेवली, क्लास हॉस्टेल मेस धरून किती गेले विचारू नका. जेईई काही नीट गेली नाही (नीट तर दिलीच नव्हती, हा तिच्या धाकट्या भावाचा विनोद). सीईटीला ९२.३ पर्सेंटाइल. ओबीसी, जातीची व्हॅलिडिटी हातात आहे, नॉन-क्रीमीलेअर नवीन काढलंय, स्क्रूटिनी झाली, मेरिट लिस्टला नाव आलं. चार दिवसांत कॅपचा (सरकारी केंद्रीय प्रवेशाचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रँचची पसंतीक्रमानं यादी, चालू होईल.

आता अडचण. पुण्याचे भाऊजी आयटीत आहेत, त्यांनी ७४ ओळींची एक्सेल पाठवलीय, सगळं कॉम्प्युटर, आयटी, एआय, डेटा सायन्स, आणि सगळी कॉलेजं पुण्याची. यांना ती पटली. लॉगिनचा पासवर्ड यांच्याकडे, ओटीपी यांच्या मोबाईलवर, आणि यांचं म्हणणं की भाऊ त्यातला आहे, त्याला कळतंय, त्याच्या यादीप्रमाणे भरून मोकळं व्हायचं. मधे एका काउन्सिलरकडे पण गेलो होतो, पंधरा हजार सांगितले यादी करून द्यायचे, परत आलो.

आणि पोरगी काहीच बोलत नाही. विचारलं की "तुम्हाला काय भरायचंय ते भरा". जेवते, खोलीत जाते, दार लावते. परवा रद्दी काढताना तिची फिजिक्सची वही हाताला लागली, मागच्या पानावर पेन्सिलीनं यादी केलेली. सांगलीचं वालचंद सिव्हिल, कराड गव्हर्नमेंट सिव्हिल, नांदेडचं एसजीजीएस सिव्हिल, अशा अकरा ओळी आणि अकराच्या अकरा सिव्हिल. मी वही होती तिथं ठेवली. तिला अजून सांगितलेलं नाही की मी बघितली.

सिव्हिल म्हणल्यावर हे काय म्हणणार मला पाठ आहे, आमच्या दुकानात रोज दहा कॉन्ट्रॅक्टर येतात, पोरीनं साईटवर उन्हात उभं राहायचं का.

प्रश्न दोन. एक, हा फॉर्म कसा भरतात, यंदा नियम बदललेत म्हणतात ते काय आहे, मला समजेल असं कुणी सांगेल का. दोन, मी वहीचं बोलू का नको, आणि कुणाशी आधी, तिच्याशी का यांच्याशी?

निवांत_काका

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसऱ्यात माझी गती नाही, आमच्या घरात दोन्ही मुलांनी मला विचारलंच नव्हतं.

यंदापासून तीनऐवजी चार राऊंड आहेत. पहिल्या राऊंडला तुमच्या यादीतला १ नंबर मिळाला तर ती सीट घ्यावीच लागते, दुसऱ्या राऊंडला पहिल्या तिनातलं काही मिळालं तर घ्यावंच लागतं, तिसऱ्याला पहिल्या सहातलं, आणि चौथ्याला जे मिळेल ते. नाही घेतलं तर पुढच्या राऊंडमधून बाहेर. म्हणजे भाऊजींचं एखादं कॉम्प्युटर पहिल्या तिनात बसलं आणि दुसऱ्या राऊंडला लागलं तर विषय तिथंच संपला, मग घरात कितीही चर्चा करा. वरचे तीन नंबर लिहिताना प्रत्येकाला विचारा, हे मिळालं तर सोमवारी बॅग भरून जाणार का? नाही असं उत्तर आलं तर तो नंबर तिथं नको.

दुसरं, लोकांच्या डोक्यात एक खूळ असतं की अवघड कॉलेज वर टाकलं की नंबर फुकट जातो आणि खालचं हुकतं. तसं होत नाही. तुमच्या मेरिटला यादी वरून खाली वाचली जाते, जिथं बसता तिथं थांबते, एवढंच. ३०० पर्याय टाकता येतात, मग कंजुषी कशाला. आणि भरून झाल्यावर कन्फर्म करायला विसरू नका, नुसतं सेव्ह केलेला फॉर्म धरत नाहीत, दरवर्षी कुणीतरी त्यात रडतं.

आता महत्त्वाचं. मुलगी बारावी लातूरला झाली म्हणालात. मग तिचं होम युनिव्हर्सिटी शिवाजी विद्यापीठ नाही, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ आहे. राहता कराडात, पण धरतात बारावी जिथून पास झाली ते. खासगी कॉलेजात ७० टक्के जागा होमवाल्यांना आणि ३० बाहेरच्यांना, त्यामुळे सांगली-कोल्हापूरकडं तर ती बाहेरचीच, पुण्यातही बाहेरचीच. कटऑफच्या पीडीएफमध्ये तिनं शेवटी ओ असलेला रकाना बघायचा, एच असलेला नाही. सरकारी आणि अनुदानित ऑटोनॉमस कॉलेजात बऱ्याच ठिकाणी एस असतो, म्हणजे सगळ्या राज्याला एकच, तिथं हा फरक पडत नाही. रकान्याच्या नावात सुरुवातीला जी नाहीतर एल असतं, एल म्हणजे मुलींच्या जागा. तेव्हा तुमच्या लेकीचा रकाना एल-ओबीसी-ओ नाहीतर एल-ओबीसी-एस. भाऊजींच्या एक्सेलमध्ये कुठला रकाना धरलाय ते एकदा बघाच.

चहाबाज

काका बरोबर. मी शंभर रुपयांची पैज लावतो, भाऊजींनी जी-ओपन-एच धरलाय. पुण्यात राहणाऱ्या माणसाला पुणं हेच सगळ्यांचं होम वाटतं.

रानजाई

चहाबाज, तुम्ही पैज जिंकलात 🙏 आत्ता उघडून बघितलं, सगळीकडे एच. लातूरचं हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं हो. दोन वर्षं एवढे पैसे ओतले आणि पोरगी आपल्याच जिल्ह्यात बाहेरची झाली.

पुणेकर_बाबा

थोडं उलटं बोलतो, राग मानू नका. तुमचे मिस्टर व्हिलन नाहीत. दुकानात बसून रोज सिव्हिलची पोरं बघतात, डिप्लोमा डिग्री करून पंधरा-सोळा हजारावर सुपरवायझर, ते बघून बाप घाबरला तर चुकलं काय? माझा स्वतःचा भाचा सिव्हिल करून शेवटी आयटीतच गेला, चार वर्षं काँक्रीट शिकून आता जावा लिहितो. मग आधीच कॉम्प्युटर का नको? वही बघून लगेच हळवं होऊ नका. पेन्सिलीची यादी आहे, तिनं नुसती मैत्रिणीचं बघून केलेली नाही ना, ते आधी विचारा.

रोहिणी७९

मी मागच्या वर्षी यातून गेले, नाशिकची. आमच्यात माऊस माझ्या हातात होता आणि मुलगा शेजारी खुर्चीवर बसलेला. मी विचारायचे हे टाकू? तो म्हणायचा टाक. साठ वेळा टाक म्हणाला, मला वाटलं किती समजूतदार. दिवाळीला घरी आला तेव्हा म्हणाला तू इतक्या भराभर विचारत होतीस की नाही म्हणायला जागाच नव्हती. कॉलेज चांगलं आहे, पास पण होतोय, पण काही बिघडलं की "तुम्ही टाकलं होतं" हे वाक्य तयार असतं. आणि खरंय ना ते.

म्हणून माझं मत, माऊस तिच्या हातात द्या. तुम्ही शेजारी बसा, पाणी द्या, कागदपत्रं शोधून द्या, स्पेलिंग तपासा. ओटीपी पप्पांच्या मोबाईलवर येतो तर पप्पा पण आपोआप शेजारी येतील, तेवढं पुरे.

वहीचं तिच्याशीच आधी बोला. यांच्याशी आधी बोललात तर ती चुगली होईल.

आणि हो, खर्चाचं. जुलै २०२४ च्या जीआरनं ओबीसी मुलींना वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, खासगीतसुद्धा, पण प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला नाही. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस भरावंच लागतं. महाडीबीटीवर (सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाईटवर) अर्ज वेळेत करा, नाहीतर कॉलेज पूर्ण फी मागत बसतं.

साईटवरची

मी सिव्हिल केलंय, बारा वर्षं झाली, आता जिओटेक्निकलमध्ये, म्हणजे माती-खडकाच्या कामात. गोड गोड सांगत नाही. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मैत्रिणींच्या अर्ध्यावर होता. साईटवर बायकांसाठी धड टॉयलेट नसतं, ही सगळ्यात मोठी अडचण आहे, ऊन नाही. मुकादम पहिले सहा महिने मॅडम म्हणून हसतात, मग एकदा शटरिंग उतरवायला लावलं की हसायचे थांबतात.

पण सिव्हिल म्हणजे फक्त बिल्डरची साईट नाही, हे दुकानातून दिसत नाही. स्ट्रक्चरल डिझाईन आहे, पाणी आहे, माती आहे, सर्व्हे आहे, सरकारी परीक्षा आहेत, पीडब्ल्यूडी, जलसंपदा. हल्ली बहुतेक ऑटोनॉमस कॉलेजात दुसऱ्या विषयाचं मायनर (जोडविषय) घेता येतं, सिव्हिलवर कॉम्प्युटरचं पण. फक्त पुढं ब्रँच बदलून मिळेल या भरवशावर कुठंच घेऊ नका, त्या जागा मोजक्या असतात.

तिला एकच विचारा, सिव्हिलमधलं काय? उत्तर आलं तर पुणेकरांची शंका मिटली. नाही आलं तरी घाबरू नका, अठराव्या वर्षी मला पण आलं नसतं.

रानजाई

काल रात्री बोलले. गच्चीवर कपडे काढताना म्हणलं, तुझी वही बघितली गं. आधी चिडली, साहजिक आहे. मग साईटवरचीताईंचा प्रश्न विचारला, सिव्हिलमधलं काय. म्हणाली, माती.

मला कळेना. मग सांगायला लागली. २०२१ च्या जुलैत आमच्या पाटणला दरडी आल्या होत्या, आंबेघर, मिरगाव, आठवत असेल कुणाला. तेव्हा ही नववीत, कोरोनामुळं शाळा मोबाईलवर, आम्ही गावाकडं होतो. सासूबाई रात्रभर सदुसष्टच्या भूकंपाच्या गोष्टी सांगत बसल्या होत्या, डिसेंबरची थंडी, सगळे बाहेर शेकोटीपाशी, आणि आम्ही त्यांना म्हणत होतो आता पुरे. हिच्या डोक्यात तेव्हापासून बसलंय की तोच डोंगर, तोच पाऊस, मग एकच बाजू का घसरते. म्हणाली त्याचा अभ्यास असतो मम्मी, मी शोधलंय. चार वर्षं मनात ठेवलं हो पोरीनं. म्हणलं बोलली का नाहीस, तर म्हणाली लातूरचे पैसे भरल्यावर कसं बोलू.

यांना अजून सांगायचंय. धीर होत नाहीये.

निवांत_काका

यांना तुम्ही सांगू नका. तिला सांगू दे. तुम्ही फक्त जेवणं झाल्यावर टीव्ही बंद करा.

चहाबाज

आणि भाऊजींचा फोन सायलेंटवर.

पुणेकर_बाबा

माती हे उत्तर चालेल. माझी हरकत मागे.

रानजाई

सगळ्यांना उशिरा कळवतेय, गडबडीत राहून गेलं.

टीव्ही बंद केला. तिनं सांगितलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले की साईटवर नाही ना जायचं, आणि ही म्हणाली जायचं. मग दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी दुकानात कुणी इंजिनिअर मॅडम टाईल्सच्या ऑर्डरला आल्या होत्या, पीडब्ल्यूडीच्या, त्यांच्याशी हे अर्धा तास बोलले म्हणे. मला नाही सांगितलं, दुकानातल्या पोऱ्यानं सांगितलं. रात्री आले आणि मोबाईल तिच्या हातात दिला, ओटीपी येईल बघ म्हणाले.

फॉर्म तिनंच भरला. ४१ पर्याय. वर अकरा सिव्हिल तिचे, मग बाकीचे भाऊजींच्या यादीतले घेतले, ओ-चा रकाना बघून, म्हणजे चौथ्या राऊंडला अगदीच काही नाही असं नको. भाऊजींना फोन करून तिनंच सांगितलं की काका तुमचे पण घेतलेत. ते खूश.

पहिल्या राऊंडला पाच नंबर लागला. हजार रुपये भरून सीट धरली आणि बेटरमेंट टाकलं, म्हणजे पुढच्या राऊंडला यादीतलं वरचं मिळालं तर ते. दुसऱ्या राऊंडला दोन नंबर, कराड गव्हर्नमेंट सिव्हिल. पहिल्या तिनातला, त्यामुळं आता विषय संपला. लातूर करून पोरगी घरापासून वीस मिनिटांवर आली. तिला सांगली हवं होतं, एक दिवस तोंड पाडून बसली की परत घरातच. सध्या हॉस्टेल मागतेय, आम्ही बघू म्हणालोय.

पुणेकर, यांचा पगाराचा घोर गेलेला नाही, रोज एकदा तरी निघतो. तुमच्या भाच्याचं पण सांगितलं मी त्यांना, उगाच सांगितलं.

आता एक शेवटचं विचारते. पहिल्या वर्षाला ड्रॉइंगसाठी मिनी ड्राफ्टर लागतो म्हणतात, तो नवीन घ्यावा का सिनिअरकडून जुना चालतो? हे परवा दुकानातून ओळंबा घेऊन आले, पितळेचा, जुना, सासऱ्यांच्या वेळचा, आणि तिच्या टेबलावर ठेवला. ती म्हणाली पप्पा हा फर्स्ट इयरला लागत नाही. पण यादीत काय काय लागतं ते तिलाही नक्की माहीत नाही, कुणी सांगाल का?

साईटवरची

जुना चालतो, फक्त स्क्रू ढिला नाही ना बघून घ्या. शिवाय ए-२ शीटसाठी कंटेनर, वर्कशॉपला खाकी एप्रन आणि बंद बूट. सुरुवातीला एवढंच.