मदत हवी आहे: चाळीस जणांच्या अंगतपंगतीसाठी जुन्या पद्धतीचं कस्टर्ड-बिस्किट पुडिंग (मागच्या वेळी पाणी सुटलं आणि कडवट झालं)

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, राहायला अनगोळला. येत्या रविवारी आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या ग्रुपची अंगतपंगत आहे. रोज व्हॅक्सिन डेपोच्या आवारात भेटणारी माणसं वर्षातून दोनदा हिंदवाडीत एकीच्या गच्चीवर जमतात, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा. घरची मुलंबाळं धरून चाळीस जण होतील. जोळद रोट्टी (ज्वारीची भाकरी) आणि एण्णेगायी (भरली वांगी) ठरलेली आहे, शेंगा होळगी (शेंगदाण्याची पोळी) येणार आहे, मसालेभात आहे. गोड माझ्याकडे. कुंदा विकत आणून ठेवला तर कुणी काही म्हणणार नाही, पण तो आपल्याकडे बारशापासून निवृत्तीपर्यंत सगळीकडे असतोच. मला पुडिंग करायचं आहे.

कुठलं ते सांगते. १९८०च्या दशकात आम्ही कॅम्पात भाड्यानं राहायचो. आईच्या भिशीत शेजारच्या एक काकी काचेच्या मोठ्या खोल भांड्यात पुडिंग आणायच्या. तळाला मारी बिस्किटं, त्यावर पिवळं कस्टर्ड, मग डब्यातल्या अननसाचे तुकडे, परत बिस्किटं, परत कस्टर्ड आणि सगळ्यात वर लाल जेली. ओव्हन नाही, अंडं नाही. बाहेरून थर दिसायचे. आम्ही पोरं ते भांडं टेबलावर आलं की त्याच्यासमोर उकिडवी बसून थर मोजायचो. काकी पुढे बदली होऊन गेल्या आणि कृती काही कुणी लिहून घेतली नाही. मला हवं आहे ते हेच, थर दिसणारं. नुसतं फ्रूट सॅलड नको.

मागच्या अंगतपंगतीला मी ते करून पाहिलं आणि फसलं. दोन लिटर दुधाला १०० ग्रॅमचं कस्टर्ड पावडरचं पूर्ण पाकीट घातलं. रात्री फ्रीजमध्ये ठेवताना चांगलं घट्ट दिसत होतं. सकाळी बघते तर कडेनं पाणी, मधे गुठळ्या, आणि चव कडवट. फळं ताजीच होती: गणपत गल्लीतून आणलेला अननस, किवी, द्राक्षं, केळी. वाटलं, ताजं घालावं, डब्यातलं कशाला. तसंच नेलं, कारण दुसरं काही करायला वेळ नव्हता. बहुतेकांनी वाटी अर्धी ठेवली. एका मुलानं आईला हळूच सांगितलं की औषधासारखं लागतंय. मला फार वाईट वाटलं, म्हणून या वेळी आधी विचारते आहे.

प्रश्न असे. कडू कशामुळे झालं, दूध नासलं होतं का? पाणी का सुटलं? आमच्या ग्रुपमधल्या दोन अक्का शुद्ध शाकाहारी आहेत, त्यांना कुणीतरी सांगितलंय की कस्टर्डमध्ये अंडं असतं आणि जेलीत हाडांचं काहीतरी असतं. त्यांना खात्रीनं काय सांगू? आणि अनगोळहून हिंदवाडीपर्यंत स्कूटीवर हे नेऊ कसं?

*

खानापूरची माहेरवाशीण:

ताई, दूध नासलेलं नव्हतं. तुमचा ताजा अननस आणि किवी हेच कारण. कच्च्या अननसात ब्रोमेलिन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते प्रथिनं तोडतं. दुधातली प्रथिनं रात्रभर तुटत राहिली की कडवटपणा येतो आणि दूध फाटल्यासारखं दिसतं. किवीत ॲक्टिनिडिन आणि पपईत पपेन, त्यांचंही काम तेच. मांस मऊ व्हायला कच्ची पपई लावतात ना, तोच गुण इथे नडतो.

डब्यातला अननस चालतो, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो आणि उष्णतेनं विकर निकामी होतं. तुमच्या त्या काकींचं म्हणूनच बिघडत नव्हतं. ताजाच वापरायचा असेल तर तुकडे थोड्या साखरेत चांगले पाच-सात मिनिटं उकळून घ्या, पूर्ण गार करा, निथळा, मग घाला. मी माहेरी फणसाच्या दिवसांत गरेही घालते, त्यांनी कधी त्रास दिला नाही. पण बाजारात फणस यायला अजून वेळ आहे.

*

अनगोळ (धागाकर्ती):

अगं बाई, म्हणजे मी चांगलं करायला गेले आणि तिथेच चुकलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की डब्यातला अननस ही त्या काळची फॅशन होती. खूप आभार. किवी तर मी वरून सजावटीलाही लावली होती, बरोबर त्याच्याखालीच जास्त पाणी होतं.

*

निपाणीकर:

कडवटपणाचं कळलं, आता पाण्याचं बघू. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो आणि घरी कस्टर्ड माझ्याकडेच असतं, म्हणून दोन गोष्टी विचारतो. एक, कस्टर्ड दाट झाल्या झाल्या गॅस बंद केलात का? दोन, साखर बघायला चमच्यानं चाखून तोच चमचा परत पातेल्यात घातलात का?

दुसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचा स्टार्च, रंग आणि व्हॅनिलाचा वास. आपल्या लाळेत अमायलेज असतं, ते स्टार्च तोडतं. कोमट कस्टर्डमध्ये उष्टा चमचा दोन-तीनदा फिरला की रात्रभरात ते पातळ होऊ शकतं. आजी स्वयंपाकात उष्टं घालू द्यायची नाही, ते इथे तरी अगदी शब्दशः लागू आहे. चाखायचं तर वाटीत थोडं काढून घ्यावं.

पहिल्या प्रश्नाचं असं, की मक्याचा स्टार्च दाट व्हायला लागतो तेव्हा पूर्ण शिजलेला नसतो. मधोमध बुडबुडे फुटायला लागल्यावर मंद आचेवर आणखी दीड-दोन मिनिटं ढवळत राहायचं. तेवढं धीरानं केलं की पाणी सुटायचं प्रमाण खूप कमी होतं. आणि गार होऊन एकदा बसलं की परत घोटू नका. स्टार्चची बसलेली जाळी मोडली की ती तशी जुळत नाही. फळं मिसळायला ढवळलंत का?

अंड्याचं त्या अक्कांना निर्धास्त सांगा. खरं कस्टर्ड अंड्याच्या बलकाचं असतं, म्हणून तो समज. पण कस्टर्ड पावडर १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी केली ती त्यांच्या पत्नीला अंडी चालत नव्हती म्हणूनच. पाकिटावरचा हिरवा ठिपका त्यांना दाखवा. जेलीच्या बाबतीत मात्र त्या बरोबर आहेत. जेली बसायला पुष्कळदा जिलेटिन घालतात आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढतात. तेव्हा जेलीचं पाकीट घेताना हिरवा ठिपका बघूनच घ्या.

*

अनगोळ (धागाकर्ती):

सर, दोन्ही चुका केल्या. दाट झालं तसं लगेच उतरवलं, कारण तळाला लागेल अशी भीती. आणि चमचा… हो, तोच. साखर कमी वाटली म्हणून तीनदा तरी चाखलं असेल. फळंही रात्री, कस्टर्ड गार होऊन बसल्यावर, डावानं ढवळून मिसळली.

जेलीऐवजी चायना ग्रास चालेल का? ते समुद्री शेवाळाचं असतं असं ऐकलंय, त्या दोघींना तेच सांगायला बरं.

*

निपाणीकर:

चालेल, आणि फेब्रुवारीच्या उन्हात गच्चीवर ते जास्त बरं. जिलेटिनची जेली अंगाच्या उष्णतेलाच वितळायला लागते. चायना ग्रास एकदा बसलं की साधारण ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. त्याच्या काड्या अर्धा तास भिजवून, पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळाव्या लागतात. एक लिटरला १० ग्रॅम पुरतं. लिंबू किंवा आंबट रस घालायचा असेल तर गॅस बंद केल्यावर, कारण आंबटाबरोबर उकळलं की ते नीट बसत नाही.

एक सावधगिरी: ते चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे खोलीतल्या हवेतच, बसायला लागतं. कोमट असतानाच थरावर ओता. उलट्या चमच्यावरून हळू सोडा, नाहीतर कस्टर्डला खड्डा पडतो.

*

शहापूरकर:

वैनी, प्रमाणाचं आणि नेण्याचं मी सांगतो, आमच्या घरी लग्नाकार्याचं बरंच होतं.

चाळीस जणांत मुलं आहेत आणि पानात दुसरंही गोड आहे, म्हणजे माणशी लहान वाटीभर, शंभर-सव्वाशे ग्रॅम धरा. साडेचार ते पाच किलो पुडिंग लागेल. दोन लिटर दूध, सव्वा किलो निथळलेली फळं, मारीचे तीनशे ग्रॅम, वरून लिटरभर जेली, एवढ्यात बसतं. पावडर १०० ग्रॅमनं ओतायचं कस्टर्ड होतं. थर उभे राहायला हवेत तर दोन लिटरला १३० ग्रॅम घ्या. साखर पावणेदोनशे ग्रॅमच्या वर नको, डब्यातल्या पाकातलं गोड फळांबरोबर येतंच. दूध नंदिनीचं निळं पाकीट, म्हणजे कमी फॅटचं, घेऊ नका, त्याहून जास्त फॅटचं घ्या. साय राहिली की चव भरते.

पावडर पाव लिटर थंड दुधात कालवून घ्यायची, गरम दुधात टाकली की गाठी होतात. शिजल्यावर पातेलं झाकू नका. झाकणाला वाफ धरते आणि ते पाणी परत आत पडतं. अर्धं पाणी मला वाटतं तिथूनच आलं असेल. साय धरू नये म्हणून अधूनमधून ढवळत कोमट होऊ द्या, आणि कोमट असतानाच थर लावा. बिस्किटं दुधात बुडवून काढायची नाहीत, कस्टर्डमधलंच पाणी ती रात्रभरात पितात आणि केकसारखी मऊ होतात. कोरडी बिस्किटं म्हणजे तुमचा स्पंजच समजा.

वरून क्रीम फेटायचा विचार असेल तर सोडा. खोक्यातल्या फ्रेश क्रीमवर २५ टक्के फॅट लिहिलेलं असतं, फेटून उभं राहायला ३० च्या वर लागतं. मी तिथे चक्का वापरतो. थोडी पिठीसाखर घालून घोटलेला चक्का मधल्या थराला लावा, आंबूस चव कस्टर्डला छान सावरते. पण तो थर अगदी गार कस्टर्डवरच.

स्कूटीवर काचेचं भांडं नेऊ नका हो. रिक्षा करा. मोठ्या परातीत बर्फ, त्यात भांडं, वरून ओला पंचा. पोचल्यावरही बर्फातच ठेवा. दुधाचं आहे, बाहेर काढल्यापासून दोन तासांच्या आत संपलं पाहिजे. म्हणजे जेवण सुरू झाल्यावरच मांडा, आल्या आल्या नाही.

*

अथणीची:

द्राक्षांवर कुणी बोललं नाही म्हणून. आत्ता आमच्याकडची बिनबियांची भरात आहेत, घालाच. पण धुऊन फडक्यावर तासभर पसरून पूर्ण कोरडी करा आणि अख्खीच घाला. चिरली की रस सुटतो. कुठल्याच फळावर आधी साखर भुरभुरू नका, साखर फळातलं पाणी ओढून काढते. केळं आतल्या थरात नकोच, काळं पडतं. हवंच असेल तर वाढताना वरून. चिकू घालून बघा, कस्टर्डबरोबर मला तो सगळ्यांत आवडतो. फक्त पिकून कडक असतानाचा घ्या.

*

अनगोळ (धागाकर्ती):

सगळ्यांचं वाचून काल अर्ध्या लिटरचं लहान भांड्यात करून बघितलं. बुडबुडे आल्यावर घड्याळ लावून दोन मिनिटं ढवळलं, तळाला लागलं नाही. चाखायला वाटी वेगळी. आज सकाळी काढलं तर कडेला थेंब नाही! सुरीनं कापल्यासारखा थर उभा होता. कडवट अजिबात नाही. चक्का मात्र मी जरा जास्त घातला, मुलगी म्हणाली श्रीखंड लागतंय, रविवारी निम्मा घालीन.

*

अनगोळ (धागाकर्ती), सोमवार:

काल झालं. दोन काचेची भांडी केली, रिक्षातून परातीत नेली. दोन्ही अक्कांना कस्टर्ड पावडर आणि चायना ग्रास, दोन्ही पाकिटं दाखवली. त्यांनी आधी ठिपका बघितला, मग घटक वाचून घेतले आणि मग दोनदा घेतलं. लाल थर बसवताना एका भांड्यात थोडा खड्डा पडला, उलटा चमचा मी उशिरा हातात घेतला. बाकी सगळं नीट.

मुलं ताटं घ्यायच्या आधी भांड्यासमोर बसली होती. त्यातल्या एकानं विचारलं, बिस्किटं कुठे गेली? थरात दिसतच नव्हती, इतकी मऊ झाली होती. मला काकींचं भांडं आठवलं. त्यांच्यात बिस्किटाची तपकिरी रेघ स्पष्ट दिसायची. म्हणजे त्या बहुधा सकाळी थर लावत असतील, रात्री नाही. की बिस्किटं दुहेरी रचत असतील? कुणी तसं केलं असेल तर सांगा की. आणि मे महिन्यात हापूसचा रस कस्टर्डमध्ये घालायचा तर तो उकळून घालावा की गार झाल्यावर, तेही.

*

खानापूरची माहेरवाशीण:

आंब्याचा गार झाल्यावर, ताई. आणि जितका रस घालाल तितकं दूध आधीच कमी घ्या. बिस्किटं दुहेरी रचून सकाळी लावा, तीन-चार तासांत खालचं मऊ होतं, वरच्याची रेघ राहते.