पाच हजारांत सिलिका नॅनोकॉम्पोझिट: टीईओएस घेऊ की तूस?

रंकाळा_काठ: एमेस्सी भाग दोन, केमिस्ट्री. काचेवर पाणी टिकणार नाही असं सिलिका-सिलिकोन नॅनोकॉम्पोझिटचं (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण अधिक सिलिकोन) कोटिंग करायचंय. हातात पाच हजार, चार महिने. कॉलेजची मफल भट्टी चालू आहे. सिलिका कशातून काढू?

जेलवाला: टीईओएस, म्हणजे सिलिका देणारं विकतचं द्रव रसायन. इथेनॉल, पाणी, अमोनिया, ढवळत राहा. १९६८ ची स्टोबर पद्धत, गोळे एकसारखे येतात. पाच हजारांचं काय घेऊन बसलायस, आठ-दहा धर.

आजरा_घनसाळ: भाताचं तूस! त्याच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका. गिरणीत फुकट मिळतं, पोतं बाजूला काढून ठेवतो. आधी पातळ हायड्रोक्लोरिकमध्ये उकळ, पोटॅशियम निघालं की राख पांढरी पडते. ६००-७०० डिग्रीच्या वर जाऊ नको. मी हौसेनं भट्टी हजारावर नेली, तर क्रिस्टोबलाइट झालं, म्हणजे सहज न विरघळणारी स्फटिकी सिलिका. कॉस्टिकमध्ये दोन तास उकळलं, तळाची राख तश्शीच.

शिरोलीचा_मूसवाला: एवढा खटाटोप कशाला? कोलॉइडल सिलिका, म्हणजे पाण्यात तरंगते सिलिकाचे बारीक कण, तयार मिळतं; इन्व्हेस्टमेंट कास्टिंगवाले (मेणाच्या नमुन्यावरून साचा करणारे) त्याच्यातच मेण बुडवतात. आणि मास्क लाव, पोरा. वीस वर्षं फाउंड्रीत काढलीत, सिलिकोसिस, सिलिकाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग, जवळून बघितलाय.

जेलवाला: काका, सिलिकोसिस स्फटिकी सिलिकेनं होतो. ही अस्फटिकी.

शिरोलीचा_मूसवाला: म्हणून नाकात घालायची काय?

गळका_स्लॅब: नॅनो कोटिंग म्हणजे निव्वळ लूट. गच्चीवर मारून घेतलं, वळवाच्या पावसात थेंब मोत्यांगत पळत होते. आषाढात देवघराच्या भिंतीला ओल.

जेलवाला: कोटिंग पाणी झटकतं, भेग बुजवत नाही. असो. पोरा, नुसती सिलिका पाणी ओढते, पृष्ठभागावर पाणी धरणारे ओएच गट असतात. कणांनी खडबडीतपणा येतो, वरून सिलिकोन लागतंच. त्यासाठी टीएमसीएस (ओलाव्यानं आम्ल सोडणारं सिलिकॉनचं रसायन) वापरणार असलास तर पावसाळ्यात बाटली बाहेर उघडू नकोस. मी उघडली, आम्लाचा धूर, सगळी लॅब पॅसेजमध्ये. आपल्याच शिवाजी विद्यापीठात फिजिक्सवाल्यांनी सिलिका एरोजेलवर (हवेनं भरलेलं अतिहलकं जेल) वर्षानुवर्षं काम केलंय, ते पेपर वाच. आणि टीईओएस घे.

आजरा_घनसाळ: तूस घे.

रंकाळा_काठ: सगळ्यांचे आभार. मावसभाऊ साखर कारखान्यात बॉयलरवर आहे, त्यानं बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख पाठवली. तीच घेतली.

आजरा_घनसाळ: अरे, त्यात शेतातली माती-वाळू आणि अर्धवट जळका कोळसा!

रंकाळा_काठ: खरंय. परत भाजली, कॉस्टिकमध्ये उकळून दोनदा गाळली, तरी निघालेलं सोडियम सिलिकेट कोऱ्या चहाच्या रंगाचं. पण आम्ल थेंब-थेंब सोडत पीएच सातावर आणला आणि बीकर उलटा केला, जेल जागचं हललं नाही! मीठ मात्र धुऊन संपेना, सहावं पाणी चाललंय. घाईनं ओव्हनमध्ये ठेवलेला तुकडा तडकला, बाकीचं झाकून हळू वाळवतोय. खर्च आत्तापर्यंत बाराशे.

आजरा_घनसाळ: ते पोतं कधी नेतोस? उंदीर लागलेत.