मावशींच्या दाखल्याचं काय झालं?

बी-३०२ काकू: जिना झाडणाऱ्या मावशी आज परत रडत होत्या. श्रावणबाळचा, म्हणजे राज्याच्या म्हातारपणीच्या पेन्शनचा अर्ज फेटाळला. आपण महिना २,००० देतो तेवढंच धरून उत्पन्नाचा दाखला वर्षाला २४ हजारांचा निघाला, मर्यादा २१ हजार. मागे इथेच कुणी तरी "मी बघतो" म्हणालं होतं.

ए-१०४ काका: मीच म्हणालो होतो, विसरलो नाही. नियमात बसत नसेल तर मी काय करू?

बी-३०२ काकू: वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५०. आपल्या पगारामुळेच त्यांची पेन्शन गेली, काका!

सी-२०१ आजोबा: सत्तरीनंतर आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता मिळतं. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, तिथेही दाखला नाही. मग या महिना १,५०० च्या पेन्शनलाच का? सरसकट द्या.

डी-४०३: एसटीवरून आठवलं, रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे ती आहेच.

ए-१०४ काका: सरसकट दिलं तर आपल्याच बिल्डिंगमधले रांगेत पुढे असतील. दारात चारचाकी असून लाडक्या बहिणीचे फॉर्म कोणी भरले, माहीत आहे मला.

सी-१०३: नाव घेऊन बोला ना. गाडी दिरांची आहे, ते वेगळे राहतात.

सेक्रेटरी: 🙏🙏 वैयक्तिक नको.

सी-२०१ आजोबा: सत्तरीनंतर आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता मिळतं. सरसकट द्या.

डी-४०३: आजोबा, वाचलं. चौथ्या मजल्यावर पाणी नाहीये, कुणी बघेल का?

सी-१०३: सेक्रेटरी, मावशींची पावती १,५०० ची करा की. १८ हजार होतील, विषय संपला.

सेक्रेटरी: खोट्या पावतीवर मी सही करणार नाही. माफ करा.

ए-१०४ काका: बरोबर. मर्यादा हवीच, पण ही नाही. २०२३ मध्ये १,००० चे १,५०० केले, २१ हजार तिथेच ठेवले. जो खरं सांगतो तोच बाहेर.

बी-३०२ काकू: मावशी विचारत होत्या, "काम सोडलं तर चालू होईल का?" गुडघे गेलेत त्यांचे. १,५०० साठी २,००० सोडायला निघाल्यात. मला उत्तर देता आलं नाही.

सी-२०१ आजोबा: म्हणूनच म्हणतो, सरसकट द्या.

ए-१०४ काका: काम सोडू नका म्हणावं. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतून मार्ग निघतो. त्यात केंद्राचे २०० च, २००७ पासून तेवढेच, पण राज्याची भर पडते. उद्या साडेदहाला मी त्यांच्याबरोबर तहसीलला जातो. आधार आणि रेशन कार्ड आणायला सांगा.

बी-३०२ काकू: सांगते. रिक्षाचे पैसे मी देईन.

डी-४०३: पाणी?