बंद ट्रेलरमधून घरसामान आणि गाडी एकत्र नेली आहे का? अनुभव लिहा

घर बदलायचं नक्की झालंय आणि अंतर बरंच आहे. घरसामान आणि आमची मध्यम आकाराची सेडान, दोन्ही एकाच बंद ट्रेलरमध्ये घालून आमच्याच पिकअपने ओढत न्यावं असा विचार चाललाय. विकणारे सगळे एकच प्रश्न विचारतात, वीस फुटी की चोवीस फुटी? गाडी १६ फुटांची आहे. म्हणजे चोवीस फुटी घेतला तर पुढे आठ फूट मोकळे राहतात आणि दोन खोल्यांचं सामान त्यात बसेल असं कागदावर तरी दिसतंय. ज्यांनी असं काही नेलंय त्यांनी लिहा: ट्रेलर कसा निवडला, काय बघून घेतलं, काय नडलं. 'सरळ मूव्हर्सना देऊन टाका' हा सल्लाही चालेल, पण कारणासकट द्या.

*

लांबी राहू द्या बाजूला, आधी ट्रेलरच्या पाटीवरचं कमाल एकूण वजन वाचा. चोवीस फुटी ट्रेलर बऱ्याचदा प्रत्येकी ३,५०० पौंड पेलणाऱ्या दोन एक्सलवर (चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यांवर) येतो, म्हणजे भरल्यावर एकूण ७,००० पौंड, साधारण ३,१७५ किलो. त्यातला रिकामा ट्रेलरच १,६०० ते १,८०० किलोचा. उरले चौदा-पंधराशे किलो. तुमची सेडान तेवढीच भरेल. म्हणजे गाडी चढली की ट्रेलर भरला, पुढचे आठ फूट नुसते बघायला! सामान आणि गाडी दोन्ही न्यायचं तर ५,२०० पौंडांचे दोन एक्सल असलेला घ्या. त्याची एकूण मर्यादा १०,००० पौंडांच्या आसपास, म्हणजे साडेचार हजार किलो असते. ट्रेलर स्वतः थोडा जड असला तरी आत अडीच हजार किलोपर्यंत वाव मिळतो.

सामानाचं वजन लोक फार कमी धरतात. पुस्तकांचं मध्यम खोकं सहज २० किलोचं होतं. पुढून दार उघडणारं वॉशिंग मशीन ७०-८० किलोचं, कारण आत काँक्रीटचा ठोकळा असतो. आम्ही एक-एक वस्तू लिहून बेरीज केली तेव्हा घरातल्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

दुसरं म्हणजे तुमची पिकअप. ती किती ओढते हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं. तिच्या स्वतःच्या पाठीवर किती झेपतं हे दाराच्या चौकटीवरच्या बारक्या स्टिकरवर असतं, आणि खरं नडतं ते तिथे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर जिथे अडकवतात त्या जोडावर), म्हणजे पिकअपच्या मागच्या बाजूवर यावा लागतो. ट्रेलर ४,००० किलोचा झाला तर ४०० ते ६०० किलो. त्यात माणसं आणि मागे टाकलेल्या बॅगा मिळवा आणि मग स्टिकर बघा. ओढायची ताकद शिल्लक असताना पाठीवरची मर्यादा संपलेली असते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

*

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. पण गाडी आत नेल्यावर बाहेर कसं यायचं, हे कुणीच सांगत नाही म्हणून लिहिते.

ट्रेलर बाहेरून साडेआठ फूट रुंद असतो, आतून जेमतेम आठ फूट. त्यातही चाकांवरचे पत्र्याचे पेटारे आत आलेले असतात आणि त्या दोघांमधलं अंतर पावणेसात फुटांच्या आसपास राहतं. सेडान आरशांशिवाय सहा फूट धरा. म्हणजे पेटाऱ्यांपाशी गाडीच्या दोन्ही बाजूंना चार-पाच इंच, आणि भिंतीपर्यंत फार तर फूटभर. दार तेवढंच उघडतं. आमच्या ह्यांनी गाडी झोकात आत नेली आणि मग खिडकीतून अर्धे बाहेर येऊन 'आता?' असं विचारलं. मी रॅम्पवर उभी राहून हसत होते, मदत नंतर केली.

म्हणून चालकाच्या बाजूच्या भिंतीला मोठं दार असलेला ट्रेलर बघा. गाडीचं दार त्या मोकळ्या जागेत उघडतं आणि माणूस माणसासारखा उतरतो. काही ट्रेलरांत तिथला पेटाराही काढता येतो. बघायला जाताना स्वतःची गाडी घेऊन जा आणि आत घालून बघायचा आग्रह धरा. तेव्हाच कळतं की रॅम्प चढताना पुढचा बंपर घासतोय का. गाडी बुटकी असेल तर रॅम्पच्या टोकाखाली फळ्या टाकून चढ कमी करावा लागतो.

*

सामान कुठे ठेवायचं यावर घरोघरी भांडणं होतात, म्हणून आमचं लिहितो.

आमच्या मेव्हण्यांचा आग्रह होता की गाडी पुढे आणि सामान मागे, म्हणजे पोचल्यावर सामान आधी काढता येईल. तसंच भरलं. मोकळ्या रस्त्यावर वेग थोडा वाढला आणि एक मोठा ट्रक शेजारून गेला, तशी ट्रेलरने कुत्र्याच्या शेपटीसारखी हालायला सुरुवात केली. मागे भार जास्त झाला की हिचवरचा भार कमी होतो आणि मग हे होतंच. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो, तो जाऊ द्यायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि डॅशबोर्डखालच्या ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. तसं केल्यावर ट्रेलर सरळ झाला. मेव्हणे पुढे बराच वेळ गप्प होते, तोही एक फायदा.

पुढच्या वजनकाट्यावर थांबून मोजलं, तर हिचवर दहा टक्क्यांच्या निम्मासुद्धा भार नव्हता. सगळं उतरवून परत भरलं. गाडी अशी उभी केली की इंजिनाची बाजू ट्रेलरच्या एक्सलच्या थोडी पुढे आली. फ्रिज आणि पुस्तकं तिच्या पुढे, खाली जमिनीलगत. पण सगळं जड सामान अगदी नाकाशी रचू नका, मग हिचवरचा भार मर्यादेबाहेर जातो आणि पिकअपचं तोंड वर होतं. उशा, पांघरुणं, कपडे गाडीच्या आतच भरले. गाडीच्या टपावर किंवा बॉनेटवर काहीही ठेवलं नाही.

*

+१. काट्यावर थांबाच. अंदाज सगळ्यांचेच चुकतात.

*

जुना ट्रेलर घेणाऱ्यांसाठी. आम्हाला विकणाऱ्याने टायर 'नव्यासारखे' म्हणून दाखवले होते. नक्षी खरंच छान होती. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३२१४ म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. ट्रेलर बहुतेक वेळ उभाच असतो, त्यामुळे टायर झिजत नाहीत, नुसते वाळतात आणि भार पडल्यावर फाटतात. पाच-सहा वर्षांपुढचे असतील तर नक्षी न बघता बदला. आम्ही त्याला भाव कमी करायला लावला आणि निघण्याआधी सगळे टायर बदलले.

खाली वाकून प्लायवूडची जमीन बघा. काळे डाग असतील तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा, आत गेला तर लाकूड कुजलंय. गाडी बांधायच्या कड्या नुसत्या प्लायवूडला मारलेल्या चालत नाहीत, खालच्या लोखंडी आडव्या पट्ट्यांना बोल्टने धरलेल्या हव्यात. छताच्या सांध्यांवर पाइपने पाणी सोडा आणि आत जाऊन दार लावून घ्या. उजेडाची तिरीप दिसली की तिथून पाणी येणार.

आणि गाडी चाकांवरून पट्टे टाकून बांधा. चासीला आवळून बांधली तर सस्पेन्शन दबतं, खड्ड्यात गाडी खाली बसली की पट्टा ढिला पडतो. चाक धरलं की गाडी आपल्या स्प्रिंगवर हलत राहते आणि पट्टा ताठ राहतो. निघाल्यावर थोड्याच अंतरावर थांबून पट्टे परत आवळा. त्याच थांब्यावर चाकांच्या मधोमध हात धरून बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक बघून घ्या, पुढे जाऊ नका.

*

मी उलट बाजूने लिहिते. बंद ट्रेलर हवाच आहे का? आम्ही गाडी उघड्या ट्रेलरवर नेली आणि सामान भाड्याच्या बंद ट्रकमधून. उघडा ट्रेलर बंदपेक्षा खूप हलका असतो, वारा अडवत नाही, इंधन कमी लागतं. गाडी रोज पावसात आणि उन्हात उभी असतेच की! बंद ट्रेलरचा आग्रह जुन्या, जपलेल्या गाडीसाठी किंवा वाटेत रात्री मुक्काम असेल तर समजू शकते, कारण आत काय आहे ते दिसत नाही. पण भाड्याने बघत असाल तर आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी बंद ट्रेलरमध्ये गाडी घालू देत नाहीत. आणि बंद घेतलाच तर झरोके असलेला घ्या. दमट हवेत आत पाणी सुटतं. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळलेल्या गाद्यांना वास आलेला मी पाहिलाय.

*

उतरवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. ट्रेलर पिकअपपासून सोडवून मग गाडी बाहेर काढू, असं करू नका. गाडी मागे सरकत एक्सलच्या पलीकडे गेली की सगळा भार मागे जातो आणि सुटा ट्रेलर पुढून उचलला जातो. आमच्या शेजाऱ्यांच्या अंगणात हे माझ्यासमोर झालं. पुढचा जॅक हवेत, रॅम्प वाकडा, आणि गाडी अर्धी आत. ट्रेलर जोडलेलाच ठेवा, पिकअपचा हँडब्रेक ओढा, ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून अडण्या लावा, मागच्या कोपऱ्यांखाली टेकू द्या आणि मगच पट्टे सोडा.